लिन, लॉरेटा
(१४ एप्रिल १९३२–४ ऑक्टोबर २०२२). ‘कंट्री म्यूझिक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन ग्रामीण संगीतातील श्रेष्ठ गायिका व गीतकर्त्री. माहेरचे नाव लॉरेटा वेब. केंटकी राज्याच्या पूर्व भागातील कोळसा-खाणींच्या प्रदेशात, बुचर हॉलो या डोंगरी वस्तीत, एका खाणकामगाराच्या घरी तिचा जन्म झाला. १९६० मध्ये तिची पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली आणि अखेरचा गीतसंच २०२१ मध्ये. या सहा दशकांत एकल व युगुलगीते मिळून तिची १६ गीते ‘बिलबोर्ड’ या संगीतव्यवसायविषयक नियतकालिकाच्या ग्रामीण संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. तथापि तिचे महत्त्व या यशापुरते मर्यादित नाही. कष्टकरी वर्गातील, अनेक मुलांची आई असलेली ग्रामीण गृहिणी ही त्या संगीतात तोपर्यंत प्रायः वर्णनाचा विषय होती. लिनच्या गीतांत ती स्वतः बोलू लागली. ‘जे जगली तेच तिने गायिले’ असे तिच्याविषयी म्हणण्याचा प्रघात आहे. हा अभिप्राय गौरवपर असला, तरी त्यामुळे तिच्या रचनाकौशल्याकडे दुर्लक्ष होते, तसेच तिच्या गीतांनी काय सांगितले नाही, याचाही विचार राहून जातो. तिच्या कर्तृत्वाचे यथार्थ मूल्यमापन करावयाचे, तर या दोन्ही बाजू ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी : अमेरिकन ग्रामीण संगीताचा उगम त्या देशाच्या दक्षिण भागातील, विशेषतः ॲपालॅचिअन पर्वतप्रदेशातील लोकपरंपरेत आहे. ब्रिटिश बेटांतून आलेल्या वसाहतकऱ्यांची कथागीते, चर्चमधील स्तोत्रे व आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे संगीत यांच्या संयोगातून ते घडले. त्यातील फिडल हे वाद्य युरोपीय आहे, तर बँजोचे मूळ आफ्रिकी आहे. १९२५ मध्ये टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथील नभोवाणी केंद्रावरून सुरू झालेला संगीतकार्यक्रम पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नावाने प्रसिद्धी पावला. १९२७ मध्ये ब्रिस्टल या गावी कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांची आरंभीची ध्वनिमुद्रणे झाली. येथून हे घरगुती संगीत व्यापारी स्वरूपात देशभर पसरू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर रस्त्याकडेच्या मद्यगृहांतून वाढलेल्या ‘हाँकी टाँक’ शैलीने त्यात दारू, व्यभिचार व मोडलेले संसार हे विषय आणले. हँक विल्यम्स (१९२३–५३) हा या शैलीचा सर्वश्रेष्ठ प्रतिनिधी होय.

या परंपरेत स्त्रिया आरंभापासून होत्या. कार्टर कुटुंबाचे गायन व वादन तर मुख्यत्वे सेरा आणि मेबेल या दोन स्त्रियांच्या बळावर उभे होते. परंतु एकट्या गायिकेच्या ध्वनिमुद्रिका खपत नाहीत, असा व्यावसायिकांचा समज दीर्घकाळ टिकून होता. १९५२ मध्ये किटी वेल्स हिने एका पुरुषगायकाच्या गीताला उत्तरादाखल गायिलेले गीत पहिल्या क्रमांकावर गेले, तेव्हा या समजाला पहिला धक्का बसला. स्त्रीच्या अधःपाताला पुरुषही जबाबदार असतो, एवढेच सांगणाऱ्या त्या गीतावर नभोवाणीच्या काही भागांत बंदी आली होती. त्यानंतर पॅट्सी क्लाइन (१९३२–६३) हिने तंतुवाद्यांच्या मृदू साथीवर एकाकी स्त्रीची व्यथा गाऊन शहरी श्रोत्यांनाही आकृष्ट केले. लिनने वेल्सकडून विषय व क्लाइनकडून व्यवसायाचे धडे घेतले. पण तिची वाट या दोघींहून वेगळी निघाली.

जीवन : लॉरेटाचे वडील टेड वेब हे व्हॅन लिअर या खाण-नगरीतील खाणीत काम करीत. हे गाव कोळसा कंपनीने वसविलेले होते. आठ भावंडांत लॉरेटा दुसरी. धाकट्या बहिणींपैकी क्रिस्टल गेल ही पुढे स्वतंत्रपणे नामवंत गायिका झाली. घरातील मनोरंजनाचे साधन म्हणजे बॅटरीवर चालणारा रेडिओ व त्यावरून ऐकू येणारा ‘ऑप्री’चा कार्यक्रम. शालेय शिक्षण अल्प. १० जानेवारी १९४८ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षात, सैन्यातून परतलेल्या ऑलिव्हर लिन (१९२६–९६) याच्याशी तिचा विवाह झाला. खाणीच्या व चोरट्या दारूच्या धंद्यापलीकडे त्या प्रदेशात तरुणांना फारसे काही करण्यासारखे नव्हते. थोड्याच काळात हे जोडपे सुमारे तीन हजार किमी. दूर, वायव्येकडील वॉशिंग्टन राज्यातील कस्टर या गावी गेले. तेथे पती लाकूडतोडीचे व लॉरेटा शेतावरचे आणि घरकामाचे काम करी. विसाव्या वर्षाच्या सुमारास ती चार मुलांची आई होती. पुढे १९६४ मध्ये तिला जुळ्या मुली झाल्या.

पतीने १९५३ मध्ये तिला एक स्वस्तातली गिटार घेऊन दिली. ती ते वाद्य स्वतःच वाजवायला शिकली आणि गीते रचू लागली. लोकांसमोर गाण्याचा आग्रहही त्याचाच होता. टाकोमा येथे बक ओवेन्स या गायकाच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातील तिचे गायन पाहून नॉर्म बर्ली या कॅनडातील लाकूड-व्यावसायिकाने तिच्यासाठी ‘झीरो रेकॉर्ड्स’ ही छोटी कंपनी काढली. ‘आय ॲम अ हाँकी टाँक गर्ल’ (१९६०) हे स्वतः रचलेले गीत या कंपनीने काढले. कंपनीपाशी प्रचाराची यंत्रणा नव्हती. म्हणून पतिपत्नी स्वतःच्या मोटारीतून गावोगावच्या नभोवाणी केंद्रांवर ध्वनिमुद्रिका घेऊन हिंडली. गीत राष्ट्रीय यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती ‘ग्रँड ओल ऑप्री’वर प्रथम गायिली व १९६२ मध्ये त्या संस्थेची सदस्य झाली. हे यश पाहण्यास तिचे वडील हयात नव्हते; १९५९ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

नॅशव्हिल येथे विलबर्न बंधूंनी तिच्या कार्यक्रमांची व्यवस्था पाहिली आणि त्यांच्या प्रयत्नाने तिला डेका या मोठ्या कंपनीत प्रवेश मिळाला. तेथील निर्माता ओवेन ब्रॅड्ली हा क्लाइन व वेल्स यांच्याही ध्वनिमुद्रणांचा सूत्रधार होता. क्लाइनने या नवख्या गायिकेला मैत्रीचा हात दिला. पण मार्च १९६३ मधील विमान-अपघातात क्लाइनचा अंत झाला. १९६६ पासून लिनची स्वरचित गीते एकापाठोपाठ एक लोकप्रिय होऊ लागली आणि १९७२ मध्ये कंट्री म्यूझिक असोसिएशनचा वर्षातील सर्वश्रेष्ठ कलावंताचा पुरस्कार मिळविणारी ती पहिली स्त्री ठरली.

गीतरचना : लिनच्या रचनेचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य म्हणजे संबोधन. तिच्या बहुतेक प्रमुख गीतांतील स्त्री कोणाला तरी उद्देशून बोलत असते. ‘डोन्ट कम होम अ-ड्रिंकिन’ (म. शी. ‘पिऊन घरी येऊ नकोस’) या बहिणीच्या साहाय्याने रचलेल्या गीतात पत्नी मद्यपी नवऱ्याला शय्येपासून दूर राहण्यास बजावते. १९६७ च्या आरंभी पहिल्या क्रमांकावर गेलेले हे तिचे पहिले गीत. ‘यू एंट वुमन इनफ’ (१९६६) व ‘फिस्ट सिटी’ (१९६८) यांत ती नवऱ्याच्या मागे लागलेल्या दुसऱ्या स्त्रीला आव्हान देते. ‘डिअर अंकल सॅम’ (१९६६) हे व्हिएटनाम युद्धकाळातील गीत म्हणजे सैनिकाच्या पत्नीने शासनाला लिहिलेले पत्र आहे. त्याच्या अखेरीस पतीच्या मृत्यूची वार्ता येते. ‘रेटेड एक्स’ (१९७२) मध्ये घटस्फोटित स्त्रीला उद्देशून, समाज यापुढे तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहील, ते सांगितले आहे.

या योजनेमुळे गीताला पहिल्या ओळीपासूनच प्रसंग लाभतो. पार्श्वभूमी सांगत बसण्याची गरज उरत नाही. कारण बोलणारी व ऐकणारा या दोघांनाही ती ठाऊक असते. श्रोता जणू पलीकडच्या घरातील भांडण कानी पडलेला शेजारी असतो आणि ऐकलेल्या शब्दांवरून तो सारा संसार मनाशी उभा करतो. क्लाइनच्या गीतांतील स्त्री एकांतात दुःख आळविते. तिच्या दुःखाला कारण झालेला पुरुष दूर कोठे तरी असतो. लिनच्या गीतांतील स्त्रीसमोर तो दारात उभा असतो. दुःखाचे रूपांतर येथे वादात होते व वादाला उत्तर देण्याची जबाबदारी दुसऱ्या पक्षावर येते. १९६०–७० या दशकात ग्रामीण स्त्रीच्या तोंडी असा वाद घालणे ही नवी गोष्ट होती.

तिची भाषा या संवादाला साजेशी आहे. शीर्षकांपासूनच ती प्रमाण व्याकरणाची पर्वा करीत नाही. पूर्व केंटकीतील बोलीचे उच्चार व वाक्प्रयोग तशाच स्वरूपात येतात. प्रतिमा परसातल्या व स्वयंपाकघरातल्या असतात. तिचा विनोद हा रागाला सौम्य करण्यासाठी येत नाही, तर तो अधिक टोकदार करण्यासाठी येतो. गीताची सारी मांडणी बहुधा एका चुरचुरीत वाक्यावर तोललेली असते आणि ते वाक्य ध्रुवपदाच्या अखेरीस आपल्या पूर्ण वजनाने पडते. रंगमंचामागे भेटलेल्या एका श्रोत्या स्त्रीची तक्रार ऐकताना आपल्या तोंडून गेलेल्या वाक्यातूनच ‘यू एंट वुमन इनफ’ हे गीत निघाले, असे तिने सांगितले आहे. बोलण्यातले असे वाक्य गीताचा कणा होऊ शकते, हे ओळखणे हा रचनाकाराचा गुण होय. ती केवळ उत्स्फूर्तता नव्हे.

गायनातही हेच धोरण दिसते. तिचा आवाज सरळ, किंचित सानुनासिक व दूरवर पोहोचणारा आहे. स्वर आंदोलित करून भावना गडद करण्याचा मोह ती टाळते आणि शब्दाचा उच्चार ठसठशीत ठेवते. ब्रॅड्लीने क्लाइनच्या गीतांना दिलेली तंतुवाद्यांची गुळगुळीत साथ येथे प्रायः बाजूला ठेवली. स्टील गिटार व ठाशीव ठेका यांच्या साह्याने त्याने तिच्या गीतांचा मूळचा खडबडीतपणा राखला. तो तिची तुलना हँक विल्यम्सशी करीत असे. साध्या शब्दांत नेमका आशय बसविण्याच्या दृष्टीने ही तुलना योग्य आहे.

‘कोल मायनर्स डॉटर’ : (म. शी. ‘कोळसा-खाणकामगाराची मुलगी’, ध्वनिमुद्रण १९६९, प्रसिद्धी १९७०). हे लिनचे सर्वाधिक गाजलेले गीत तिच्या नेहमीच्या पद्धतीला अपवाद आहे. त्यात कोणाला संबोधन नाही, भांडण नाही व स्वतंत्र ध्रुवपदही नाही. डोंगरावरील लाकडी घर, रात्री खाणीत व दिवसा मक्याच्या शेतात राबणारे वडील, कपडे घासताना बोटे रक्ताळणारी व रॉकेलच्या दिव्यापाशी बायबल वाचणारी आई, डुक्कर विकून आलेल्या पैशांतून मुलांसाठी टपालाने मागविलेले हिवाळी बूट, असे तपशील एकामागून एक येतात. कोणत्याही तपशिलावर भाष्य केलेले नाही. कडवी पुढे सरकतात, तशी पट्टी चढत जाते. मूळ रचना बरीच लांब होती. ब्रॅड्लीच्या आग्रहावरून काही कडवी गाळण्यात आली. अखेरच्या कडव्यात गायिका अनेक वर्षांनी त्या घरी परतते, तेव्हा तेथे जमीन व आठवणी यांखेरीज काही उरलेले नसते. वर्णनाने भरत गेलेले घर शेवटी एकदम रिकामे होते, हे या गीताचे रचनासूत्र होय. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २००९ मध्ये जतन करावयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांत या गीताचा समावेश केला.

या गीतात जे नाही, तेही महत्त्वाचे आहे. केंटकीच्या खाणींनी दुसऱ्या प्रकारची गीतेही निर्माण केली होती. १९३१ मध्ये हार्लन परगण्यातील संपाच्या काळात फ्लॉरेन्स रीस या कामगार-संघटकाच्या पत्नीने रचलेले ‘विच साइड आर यू ऑन’ हे गीत श्रोत्याला थेट पक्ष निवडायला सांगते. मर्ल ट्रॅव्हिस या केंटकीच्याच गायकाच्या ‘सिक्स्टीन टन्स’ (१९४६) या गीतातील कामगार कंपनीच्या दुकानाच्या कर्जात बुडालेला आहे. लिनच्या गीतात कंपनी, संप व कर्ज यांचा उल्लेख नाही. दारिद्र्य आहे, पण ते कोणामुळे, हा प्रश्न नाही. त्या दारिद्र्याचे पर्यवसान कुटुंबप्रेमाच्या अभिमानात होते. ज्या कवयित्रीने नवऱ्याला, सवतीला आणि शासनालाही तोंडावर प्रश्न विचारले, तिने खाणमालकाला मात्र कधी संबोधिले नाही. तिच्या संबोधनाची कक्षा प्रायः घराच्या उंबऱ्यापाशी थांबते. हे गीत सर्व थरांतील श्रोत्यांना निःसंकोचपणे आपलेसे करता आले, यामागे हेही एक कारण असावे. तथापि त्यातील श्रमाचे तपशील इतके नेमके आहेत, की न विचारलेला प्रश्न श्रोत्याच्या मनात उभा राहू शकतो. रीसचे गीत लढ्याचे साधन आहे, तर लिनचे गीत लढा संपून वस्ती ओस पडल्यानंतरची साक्ष आहे. या दोहोंना एकाच मापाने मोजणे उचित नाही. परंतु साक्षीची मर्यादा सांगितल्यावाचून तिचा गौरवही पुरा होत नाही.

‘द पिल’ : (१९७५). संततिप्रतिबंधक गोळीविषयीचे हे गीत अन्य गीतकारांनी रचलेले असले, तरी लिनच्या स्वरामुळे ते तिचेच मानले जाते. अमेरिकेत या गोळीला १९६० मध्ये मान्यता मिळाली. विवाहितांच्या संततिप्रतिबंधक साधने वापरण्याच्या हक्कावर तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये व अविवाहितांच्या हक्कावर १९७२ मध्ये शिक्कामोर्तब केले. ध्वनिमुद्रण झाल्यावर सुमारे तीन वर्षे हे गीत कंपनीने प्रसिद्ध केले नाही. गीतातील पत्नी वर्षानुवर्षे बाळंतपणे सोसून कंटाळली आहे. कोंबड्यांच्या खुराड्याच्या प्रतिमा वापरून ती नवऱ्याला सांगते, की यापुढे तिच्या शरीराचा निर्णय तीच घेईल. विषय गंभीर असला, तरी सूर खेळकर आहे. अनेक नभोवाणी केंद्रांनी गीत वाजविण्यास नकार दिला व काही धर्मोपदेशकांनी त्याचा निषेध केला. तरीही ग्रामीण संगीताच्या यादीत ते पाचव्या क्रमांकावर गेले आणि सर्वसाधारण लोकप्रिय गीतांच्या यादीत तिच्या एकल गीतांपैकी सर्वांत वरचे, म्हणजे ७० वे स्थान त्याला मिळाले. खेड्यापाड्यांतील डॉक्टर आपल्याला भेटून, पत्रकांनी जे साधले नाही ते या गीताने साधले, असे सांगत, अशी आठवण ती नमूद करी.

या गीतामुळे लिनला स्त्रीमुक्ती चळवळीची गायिका म्हणण्यात येऊ लागले. ही ओळख तिने पूर्णतः कधी स्वीकारली नाही. शेल सिल्व्हरस्टीनने रचलेल्या ‘वन्स ऑन द वे’ (१९७१) या तिने गायिलेल्या गीतात शहरांतून स्त्रीमुक्तीची चर्चा चालू असताना मुलांच्या गराड्यात अडकलेल्या व पुन्हा दिवस गेलेल्या गृहिणीचे हास्य-करुण चित्र आहे. चळवळीची भाषा आणि या गृहिणीचे जग यांतील अंतर त्यातून नेमके प्रकट होते. लिनचा दृष्टिकोण त्या गृहिणीचा होता. राजकारणात तिने १९८८ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जॉर्ज बुश यांचा प्रचार केला. तिची स्त्रीवादी प्रतिमा व तिची राजकीय मते यांत विसंगती शोधण्याचा प्रयत्न अनेकांनी केला आहे. परंतु तिच्या गीतांतील हक्काची जाणीव कोणत्याही तत्त्वप्रणालीतून आलेली नाही, हे लक्षात घेतले म्हणजे ही विसंगती तितकीशी अनपेक्षित वाटत नाही.

मर्यादा : लिनच्या गीतांतील राग पुष्कळदा चुकीच्या दिशेने वळतो. ‘फिस्ट सिटी’मध्ये अपराध नवऱ्याचा असला, तरी मारहाणीची धमकी दुसऱ्या स्त्रीला मिळते, नवऱ्याची संभावना एखाद्या तिरकस शेऱ्यावर भागते. सवतीला हुसकून लावले, की संसार सावरतो, ही समजूत या गीतांच्या मुळाशी आहे. त्याचे एक कारण तिच्या संसारातच होते. ज्या पतीने तिला गिटार दिली व रंगमंचावर उभे केले, त्याचेच मद्यपान व बाहेरख्यालीपणा हा तिच्या गीतांचा विषय होता. ‘स्टिल वुमन इनफ’ (२००२) या दुसऱ्या आत्मकथनात, त्याच्या निधनानंतर, तिने घरातील हिंसेविषयी अधिक मोकळेपणाने लिहिले. सुमारे ४८ वर्षे टिकलेल्या या विवाहातून बाहेर पडण्याचा विचार तिच्या गीतांत क्वचितच येतो. घरात राहूनच अटी बदलून घेण्याचा आग्रह मात्र सतत दिसतो.

दुसरी मर्यादा व्यवसायाने लादलेली होती. विलबर्न बंधूंच्या प्रकाशनसंस्थेशी झालेल्या करारविषयक वादामुळे १९७० नंतरच्या दशकात स्वरचित गीते ध्वनिमुद्रित करणे तिने कमी केले. त्यामुळे ऐन भराच्या काळात तिला बव्हंशी इतरांच्या रचनांवर विसंबावे लागले. कॉन्वे ट्विटीबरोबरची तिची युगुलगीते याच काळात अतिशय लोकप्रिय झाली. ‘आफ्टर द फायर इज गॉन’ (१९७१) या गीताला ग्रॅमी पुरस्कार लाभला, तसेच १९७२ ते १९७५ अशी सलग चार वर्षे या जोडीला सर्वोत्कृष्ट युगुलगायनाचा सन्मान मिळाला. ही गीते श्रवणीय आहेत. परंतु लिनच्या एकल गीतांतील धार त्यांत अभावानेच आढळते. कष्टकऱ्यांच्या अनुभवावर उभे राहिलेले हे संगीत त्या अनुभवाची मालकी अनुभव घेणाऱ्याकडे राहू देत नाही, याचा प्रत्यय तिला आपल्याच गीतांच्या बाबतीत आला.

आत्मचरित्र व वास्तव : जॉर्ज व्हेक्सी या पत्रकाराच्या साहाय्याने लिहिलेले ‘कोल मायनर्स डॉटर’ (१९७६) हे आत्मचरित्र व त्यावर आधारलेला मायकेल ॲप्टेड दिग्दर्शित चित्रपट (१९८०) यांमुळे लिनची जीवनकथा गीतांइकीच प्रसिद्ध झाली. चित्रपटात तिची भूमिका करणाऱ्या सिसी स्पेसेक हिने गीतेही स्वतः गायिली. तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. या दोन्ही कृतींनुसार लिनचा विवाह तेराव्या वर्षी झाला होता. २०१२ मध्ये असोशिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जन्म व विवाह यांच्या शासकीय नोंदी उजेडात आणल्या. त्यांवरून तिचा जन्म १९३५ च्या सुमारास नसून १९३२ मध्ये झाल्याचे व विवाहसमयी तिला पंधरा वर्षे पूर्ण झाल्याचे स्पष्ट झाले.

यावरून तिच्या साऱ्या कथनाविषयी संशय घेण्याचे कारण नाही. खाण, दारिद्र्य, बालवयातील संसार व लागोपाठची बाळंतपणे या गोष्टी निर्विवाद आहेत. तीन वर्षांच्या फरकाने त्यांचे गांभीर्य कमी होत नाही. परंतु ‘जे घडले तेच सांगितले’ या तिच्याविषयीच्या भाबड्या समजुतीला मात्र या नोंदींनी छेद दिला. ग्रामीण संगीताचा व्यवसाय अस्सलपणाच्या प्रतिमेवर चालतो. गायकाने आपले दारिद्र्य केवळ भोगलेले असून भागत नाही, ते सांगता येण्याजोगे असावे लागते. लिनने आपली कथा घडविली, गीतांतील कडवी गाळली, आठवणींची निवड केली आणि वयही घटविले. या साऱ्यांत एका जाणत्या निवेदिकेचा हात दिसतो. तिला निरागस ग्रामकन्या समजणारे तिचे चाहते आणि तिला असत्यकथनाबद्दल दोष देणारे टीकाकार हे दोघेही तिला रचनाकार म्हणून नाकारण्याची सारखीच चूक करतात.

उत्तरकाळ : १९८० नंतर नभोवाणीची अभिरुची बदलली व तिची नवी गीते मागे पडली. १९८४ मध्ये मुलाच्या व १९९६ मध्ये पतीच्या मृत्यूचे आघात तिला सोसावे लागले. १९८८ मध्ये ग्रामीण संगीताच्या सन्माननीय कलावंतांच्या दालनात—‘कंट्री म्यूझिक हॉल ऑफ फेम’मध्ये—तिचा समावेश झाला. रॉक संगीतातील तरुण गायक-वादक जॅक व्हाइट याने निर्मिलेला ‘व्हॅन लिअर रोझ’ (२००४) हा गीतसंच तिच्या उत्तरायुष्यातील सर्वश्रेष्ठ निर्मिती होय. त्यातील सर्व १३ गीतांच्या रचनेत तिचा वाटा आहे. सत्तरी ओलांडल्यावर हे प्रथमच घडले. आईचे तारुण्य, वैधव्य, सवतीच्या दारात मुलांना घेऊन गेलेली पत्नी असे जुनेच विषय त्यात कर्कश विद्युत् गिटारच्या साथीवर नव्या तीव्रतेने येतात. या संचाला सर्वोत्कृष्ट ग्रामीण गीतसंचाचे व त्यातील एका युगुलगीताला सहगायनाचे, अशी दोन ग्रॅमी पारितोषिके लाभली. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या हस्ते ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान तिला देण्यात आला. २०१७ मधील पक्षाघातानंतर तिचे जाहीर कार्यक्रम थांबले; तथापि २०२१ मध्ये तिने ‘स्टिल वुमन इनफ’ हा अखेरचा गीतसंच प्रसिद्ध केला. टेनेसी राज्यातील हरिकेन मिल्स येथील आपल्या निवासस्थानी ती निधन पावली.

मूल्यमापन : लिनचे स्वरक्षेत्र क्लाइनइतके विस्तृत नव्हते, तिच्यानंतर पुढे आलेल्या डॉली पार्टनसारखे कथनाचे वैविध्यही तिच्यापाशी नव्हते. तिची कक्षा लहान होती : एक घर, त्यातील स्त्री व तिच्यासमोर उभा असलेला माणूस. परंतु या लहान जागेत तिने ग्रामीण संगीतातील बोलण्याचा अधिकार बदलून टाकला. बाळंतपण, गर्भनिरोध, घटस्फोट, नवऱ्याचे मद्यपान हे विषय तिच्या आधी कुजबुजण्याचे होते. ते तिने नभोवाणीवर मोठ्याने व विनोदाने बोलून दाखविले आणि त्यासाठी प्रतिष्ठितांची भाषा उसनी घेतली नाही. पुढील पिढ्यांतील गायिकांना नवऱ्याला, बाजाराला व समाजालाही थेट प्रश्न विचारता येऊ लागले, त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात तिच्याकडे जाते. खाणीच्या मालकाला विचारावयाचा प्रश्न तिच्या गीतांत शिल्लक राहिला. पण खाणकामगाराच्या घरातील स्त्रीलाही सांगण्यासारखे काही असते व ते तिच्याच बोलीत सांगता येते, हे तिने निर्विवादपणे सिद्ध केले.